चेहरे भाड्याने देणे आहेत!

वाचकहो, दिवाळीची आवराआवर आटोपली असेल, तर एकदा सहज आपल्याच घरातून फेरी मारून या. चिरंजीवांच्या दप्तरावर कोण उडतो आहे? कन्येच्या कंपासपेटीवर कोण बसली आहे? पाण्याची बाटली, डबा, पलंगावरची चादर, दात घासावयाचा ब्रश, फार काय, खरचटल्यावर लावावयाची पट्टी! चार माणसांच्या बेताच्या घरातसुद्धा असे दहा-बारा बिऱ्हाडकरू सहज सापडतील. ही मंडळी आगंतुक नव्हेत. त्यांनी तुमच्या घरी यावे म्हणून कुणीतरी कुणाला तरी रोख रक्कम मोजलेली असते, आणि ती रक्कम सरतेशेवटी तुमच्याच खिशातून गेलेली असते. ही रक्कम ठरवावयाची, ती वसूल करावयाची आणि भाड्याने दिलेला चेहरा भाडेकरूने विद्रूप करू नये म्हणून पहारा ठेवावयाचा, हा माझा व्यवसाय.

ह्याला लायसेन्सिंग म्हणतात. मुंबईतल्या एका छोट्या एजन्सीत गेली बावीस वर्षे मी हे काम करते आहे. नव्याने लग्न होऊन गिरगावात आले, तेव्हा सासूबाईंनी विचारले, “तू कचेरीत करतेस तरी काय?” मी हक्कमालक, परवानाधारक, रॉयल्टी असे पुष्कळ काही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे दुसऱ्यांच्या चेहऱ्यांचं भाडं गोळा करतेस. सरळ सांग की!” पुढे कितीतरी तज्ज्ञांच्या व्याख्या ऐकल्या, पण ह्याहून सुटसुटीत व्याख्या मला अजून भेटलेली नाही.

सशापासून उंदरापर्यंत

हा धंदा दूरचित्रवाणीबरोबर जन्मला, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. इंग्लंडमधील लेखिका बिॲट्रिक्स पॉटर ह्यांचे ‘पीटर रॅबिट’ ह्या सशाचे पुस्तक १९०२ साली निघाले, आणि दुसऱ्याच वर्षी बाईंनी त्या सशाची बाहुली स्वतः तयार करून तिची रीतसर नोंदणीही करून टाकली. आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसल्या. पुढे त्याच वळणाची चित्रे आगपेट्यांवर आणि कापडाच्या लेबलांवर आली. चित्र बघून माल उचलावयाचा, ही सवय आपल्या आजीपणजीलाही होतीच.

परंतु ह्या व्यवसायाला खरे बाळसे धरविले ते एका उंदराने. १९२९ साली वॉल्ट डिस्ने न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात उतरले असता एक गृहस्थ तीनशे डॉलर घेऊन आले, आणि शाळेच्या वह्यांवर मिकी माऊसचे चित्र छापण्याची परवानगी घेऊन गेले. डिस्नेंना त्या वेळी पैशांची नड होती, म्हणून त्यांनी होकार दिला, असे सांगतात. १९३२ साली के केमन नावाच्या धडाडीच्या गृहस्थाने ते काम हाती घेतले आणि धंद्याचा नूर पालटला. १९३३ साली इंगरसोल-वॉटरबरी कंपनीचे मिकीचे घड्याळ बाजारात आले. त्याचे दोन हात म्हणजेच तास-मिनिटांचे काटे! जगभर मंदी, कंपनी डबघाईला आलेली. आणि न्यूयॉर्कच्या मेसीज ह्या एका दुकानात एका दिवसात अकरा हजार घड्याळे खपली म्हणतात. पुढच्याच वर्षी लायोनेल ह्या अडचणीत आलेल्या खेळण्यांच्या कंपनीने मिकी आणि मिनी चालवीत असलेली एक डॉलरची रुळगाडी काढली. तिचा खप अडीच लाखांच्या घरात गेला. उंदराने जाळे कुरतडून सिंहाला सोडविल्याची गोष्ट आपण लहानपणी वाचतो. ह्या उंदराने कारखाने सोडविले!

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या वेळी तर गंमतच झाली. खेळणी करणाऱ्या केनर कंपनीचा माल नाताळपर्यंत तयार होईना. तेव्हा कंपनीने रिकामी खोकी विकली. आत बाहुल्या नाहीत, एक चिठ्ठी, की बाहुल्या मागाहून पाठवू. लोकांनी ती खोकी विकत घेतली! चेहऱ्याची ओढ ही अशी असते.

एका डब्याचा हिशेब

आता ह्या भाड्याचे गणित पाहू. परवाना घेणारा कारखानदार आपल्या घाऊक विक्रीवर ठरलेला टक्का मालकाला देतो, ही रॉयल्टी. साधारणपणे ती पाच ते बारा टक्क्यांच्या दरम्यान असते. पण मालक एवढ्यावर भागवीत नाही. तो म्हणतो, “तुझा माल खपो वा न खपो, इतकी रक्कम मला मिळालीच पाहिजे.” ही मिनिमम गॅरंटी. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणे ह्या दोन शब्दांची.

वसईचे एक कारखानदार आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, आपणही तसेच म्हणू. प्लॅस्टिकचे डबे आणि बाटल्या करावयाच्या, चार मोल्डिंगची मशिने, एकोणीस कामगार. २०१९ सालच्या शेवटी त्यांनी एका परदेशी कार्टूनचा परवाना आमच्यामार्फत घेतला. डब्याचा घाऊक भाव दोनशे रुपये, रॉयल्टी आठ टक्के, म्हणजे डब्यामागे सोळा रुपये. गॅरंटी दहा लाखांची. दहा लाखांना सोळाने भागा, म्हणजे साडेबासष्ट हजार डबे होतात. दोन वर्षांत इतके डबे विकले तर भाऊंचा खर्च भावात बसला. एक डबा कमी पडला तरी त्याचे सोळा रुपये पदरचे घालावयाचे. शिवाय नवीन डायचा खर्च वेगळा. भाऊंनी दोन रात्री विचार केला आणि सही केली. जूनमध्ये शाळा उघडतात आणि प्रत्येक आई नवा डबा घेते, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा अनुभव होता.

पाचवे बोट

सही झाली की माझे काम सुरू होते. मालकाकडून एक जाडजूड पोथी येते. चेहऱ्याचे डोळे किती अंतरावर, कान किती अंशांत, निळा रंग कोणत्या क्रमांकाचा, कोणत्या चित्राशेजारी कोणते चित्र बसवावयाचे नाही, हे सगळे त्या पोथीत असते. मग कारखानदाराने आधी कल्पना पाठवावयाची, नंतर चित्र, मग नमुना, मग प्रत्यक्ष उत्पादनातला डबा. चार वेळा मंजुरी घेतल्याखेरीज एक नग बाजारात जावयाचा नाही.

ह्यात मौजा होतात. बहुतेक कार्टूनांच्या हाताला चारच बोटे असतात. काढावयास सोपे म्हणून ती पद्धत पडली. एका वयस्क पेंटरने चादरीच्या नमुन्यावर प्रत्येकाला पाचवे बोट काढून पाठविले. मी फोन केला तेव्हा म्हणाले, “बाई, लहान मुलं निजणार त्या चादरीवर. अपंग चित्र कसं काढू?” जपानच्या सॅनरिओ कंपनीची हॅलो किटी नावाची मांजर १९७४ सालची. तिला तोंड काढलेले नाही, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात असेल तो भाव तिच्या चेहऱ्यावर दिसतो. आमच्याकडे एकाने तिला छानसे हसू काढून दिले होते! अशा वेळी नकार लिहावयास जिवावर येते. पण लिहावाच लागतो. वर्षाकाठी शेकडो ‘नाही’ लिहिणे आणि ते ऐकणाऱ्याचा विरस न होऊ देणे, हीच ह्या नोकरीतली खरी विद्या.

मारुतीचा मालक कोण?

ओळखीच्या बायका मला नेहमी विचारतात, “गणपती, मारुती, कृष्ण ह्यांचं भाडं कुणाला द्यायचं?” कुणालाच नाही. देवांना मालक नाही आणि पुराणकथांनाही नाही. परंतु व्ही. जी. सामंत ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘हनुमान’ हा चित्रपट २००५ साली आला. त्यातील बालमारुती ज्या विशिष्ट रूपात काढला आहे, त्या रूपाला मात्र मालक आहे. तुम्ही आपल्या हाताने आपला मारुती काढा, कुणी अडविणार नाही; त्यांचा उतरवून टोप्यांवर छापलात, तर मात्र वकिलाची नोटीस येईल.

१९९७ साली दिल्लीच्या न्यायालयात ‘नागराज’ आणि ‘नागेश’ अशा दोन चित्रकथांतल्या वीरांचा खटला गाजला. दोघेही हिरवे, दोघेही नागांशी संबंधित, आणि नकलेला मनाई झाली. उलट बाजूही आहे. १९२८ सालच्या पहिल्यावहिल्या लघुपटातील मिकी १ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळा झाला. बऱ्याच नंतरच्या चित्रपटांतली त्याची सुधारलेली रूपे आणि त्याचा ट्रेडमार्क मात्र अजून कंपनीकडेच आहे. आपल्याकडे चित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे कॉपीराइट राहतो. ट्रेडमार्क मात्र दर दहा वर्षांनी नूतनीकरण केले तर पिढ्यान्पिढ्या चालतो.

आणि खोटा माल? तो तर जागोजाग दिसतो. कायद्याने त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. धाडींच्या वेळी माल ओळखून सांगावयास मला जावे लागते. सापडतो तो बहुधा फुटपाथवरचा विक्रेता. छापणारा कुठेतरी दूर सुरक्षित असतो. त्या विक्रेत्याच्या तोंडाकडे बघत पंचनाम्यावर सही करणे मला अजून सवयीचे झालेले नाही. तरीपण आईबापांना एक सांगेन. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चेहरा खरा की खोटा, ही आमच्यासारख्यांची चिंता. रंगात काय मिसळले आहे, ही तुमची. तेव्हा चेहऱ्याआधी ते चिन्ह पाहा.

दोन जून

आता भाऊंकडे वळू. मार्च २०२०च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भाऊंचे अकरा हजार डबे अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे पोचले होते, आणि तीस हजार वसईच्या गोदामात रचून ठेवले होते. २५ मार्चपासून देश बंद झाला. जून आला, पण शाळा उघडली नाही. मुले घरी, ताटात गरम जेवण. डबा कुणाला हवा? २०२१चा जूनही तसाच गेला. व्यापाऱ्यांनी नेलेला मालही परत केला.

गॅरंटीचे अडीच लाख भाऊंनी आगाऊ भरले होते. उरलेल्या साडेसात लाखांचा पहिला हप्ता जुलै २०२०चा होता. मी मालकांना लिहिले. उत्तर आले, की आपत्तीमुळे माल पुरविण्यास उशीर झाला तर सवलत आहे, पैसे भरण्यास उशीर झाला तर नाही. करारात तसेच होते. त्यांचे चुकले असे म्हणता येत नव्हते. इकडे आमच्या एजन्सीचे कमिशन त्याच गॅरंटीतून यावयाचे. आमचेही पगार निम्मे झाले होते. साहेब म्हणाले, “त्यांचा हप्ता आला नाही, तर आपला भाग कुठून येणार?” म्हणजे मी भाऊंची बाजू जितकी जोराने मांडीन, तितकी माझ्याच कचेरीची मिळकत लांबणीवर पडणार!

तरी ती मांडली. शाळा बंद ठेवण्याचे सरकारी आदेश भाषांतर करून जोडले. व्यापाऱ्यांची माल परत केल्याची पत्रे मिळविली. भाऊंनी फोन हातात धरून गोदामाच्या रांगांमधून फिरून डबे दाखविले, आणि ती मोजणी मी कागदावर उतरविली. मालकांना लिहिले, की हा माणूस बुडाला तर तुमचे साडेसात लाखही बुडतील. तो तरला तर उशिरा का होईना, देईल. चार महिने पत्रव्यवहार चालला. अखेर मुदत एक वर्षाने वाढली आणि हप्ते पुढे गेले. सूट मात्र एका रुपयाची मिळाली नाही.

पुढची हकीकत सुखाची नाही. २०२० साली पहिलीत असावयाचे पोर २०२२ साली तिसरीत गेले, आणि ज्या कार्टूनसाठी ते हटून बसले असते, ते त्याला आता ‘लहान मुलांचं’ वाटू लागले. मुलांचे प्रेम उत्कट असते, पण त्याची मुदत दोन वर्षांची. भाऊंनी एक मशीन विकले. एकोणीस कामगारांचे अकरा झाले. पण शेवटचा हप्ता त्यांनी ठरल्या दिवशी भरला. मी काही बोलणार इतक्यात म्हणाले, “सही केली होती ना, मॅडम. उघड्या डोळ्यांनी केली होती.”

मुदत संपल्यावर उरलेला माल विकावयास नव्वद दिवस मिळतात. त्यानंतर तो नष्ट करून तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. चार हजार डबे उरले होते. धडधाकट, झाकणे घट्ट बसणारी भांडी चक्कीत घालून चुरा करावयाची! भाऊ म्हणाले, “पालघरकडच्या पाड्यांवरच्या शाळांना देऊ का?” करारात ते बसत नव्हते. मी पुन्हा लिहिले. नव्वदापैकी शेवटचा आठवडा उरला असता परवानगी आली. ते डबे भाऊंनी स्वतः टेम्पोत बसून पोचविले.

तेव्हापासून लहान कारखानदाराचा करार माझ्या हातून जातो, तेव्हा ‘सरकारी आदेशाने शाळा बंद राहिल्यास हप्ते थांबतील’ हे कलम घालण्याची मी विनंती करते. काही मालक मान्य करतात, काही करीत नाहीत. जे करीत नाहीत, त्यांचा कारखानदार सहीला आला की मी त्याला समोर बसवून मराठीत सांगते, की ह्या ओळीचा अर्थ असा असा आहे, घरी जाऊन विचार करा आणि मग या. दोघेजण परत आले नाहीत. साहेब थोडे रागावले. पण कलम अजून चालू आहे.

एकशे तीस डॉलर

२०२३ साली भाऊंचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, आता भाड्याचं बिऱ्हाड नको. स्वतःचं घर बांधू या.” त्यांच्या ओळखीतल्या, चित्रकला शिकलेल्या एका मुलीने पाठीवर डबा घेऊन तिरका तिरका शाळेत निघालेला एक खेकडा काढला होता. पाहताच हसू यावे असा. भाऊ तिला दहा हजार रुपये देऊन चित्र कायमचे विकत घेणार होते. आणि मुलगी बिचारी तेवढ्यावरच हरखली होती.

मी दोघांना समोर बसविले आणि सुपरमॅनची गोष्ट सांगितली. जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्या दोन तरुणांनी तो वीर निर्माण केला, आणि १९३८ साली एकशे तीस डॉलरला त्याचे सर्व हक्क देऊन टाकले. पुढे त्या चेहऱ्यावर किती संपत्ती उभी राहिली, ते सांगावयास नको. त्या दोघांना आपल्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९७५ साली, लोकांनी आवाज उठविल्यावर, कंपनीने त्यांना वर्षासन सुरू केले आणि त्यांचे नाव पुन्हा सुपरमॅनवर छापले जाऊ लागले.

ज्यांच्या घरात हौसेने चित्रे काढणारे कुणी असेल, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. चित्राचा हक्क दुसऱ्याला द्यावयाचा, तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. कागदावर मुदत लिहिली नसेल, तर आपल्या कायद्याप्रमाणे ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. मात्र पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या काही चित्रांत, करारच नसेल, तर मालकी काढून घेणाऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून आधी कागद, मग रंग.

भाऊ विचारात पडले. मग म्हणाले, “म्हणजे आता मी मालक, आणि मीच तिला भाडं द्यायचं?” शेवटी ठरले ते असे: दहा हजार आगाऊ, शिवाय दर डब्यामागे दोन रुपये, दर तिमाहीला हिशेबाचे पत्रक, आणि हिशेब तपासून पाहण्याचा तिचा हक्क. खेकड्याचा ट्रेडमार्क भाऊंच्या नावे अर्जात घातला.

खेकड्याचा खप अजून बेताचाच आहे. परदेशी मंडळींपुढे तो तिरकाच चालणार. परंतु गेल्या पावसाळ्यात भाऊंचा पुन्हा फोन आला, आवाजात थोडी तक्रार, थोडे कौतुक. “मॅडम, ही पोरगी ऑडिट मागते! म्हणते, पत्रकात एकशे चाळीस डबे कमी दिसतात.”

मी म्हटले, “भाऊ, करारातलं अकरावं कलम वाचा.”

त्यांनी वाचले, गोदामाची वही काढून पुन्हा मोजले, आणि संध्याकाळच्या आत तिला दोनशे ऐंशी रुपये पाठवून दिले.